अट क्रमांक सात: झाड जांभळं असावं

हरिदास मेश्राम यांच्यासमोर रंगाबद्दल बोलायचं तर माणसं जपून बोलत. एखाद्या लग्नात एखादी बाई हौसेनं विचारायची, "माझी ही मरून साडी कशी वाटते?" आणि हरिदास चष्मा कपाळावर सरकवून, पदर खिडकीच्या उजेडात धरायला लावून, अगदी गंभीरपणे सांगायचे, "ही मरून नाही. डाळिंबी आहे. त्यातही जरा विटकरीकडे गेलेली." बाईचा चेहरा उतरायचा. हरिदासना त्याचं काही नसे. उतरलेल्या चेहऱ्याची शेड हा त्यांचा विषय नव्हता.

नागपूरहून लंडनला आल्यावर बत्तीस वर्षं त्यांनी एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम केलं. कुणी जुन्या दाराची ढलपी घेऊन यायचं, अगदी हाच हिरवा हवा म्हणायचं, आणि हरिदास थेंबाथेंबानं पिवळा, काळा, पांढरा टाकत तो हिरवा हुबेहूब उभा करायचे. गालिचा उन्हानं विटला की मुळातच फिका होता, अशा भांडणांत विमावाले त्यांचा लेखी अहवाल मागवत, आणि त्यांची सही झाली की भांडण मिटे. एकदा खुद्द मालकांनी सांगितलं, "अर्धी शेड पिवळी गेलीय, कुणाला कळणार आहे? सही करा." हरिदासनी केली नाही. चार हजार लिटर रंग परत टाकीत गेला आणि हरिदासांची बढती त्याच्या मागोमाग गेली. खोटं बोलायचं नाही हे त्यांनी पंचशीलातून घेतलं की कारखान्यातून, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचे हाल होतात. कल्याणीबाईंचे होत होतेच. वरणाला आज कालच्यापेक्षा कमी पिवळेपण आहे, हे ऐकत त्यांनी दहा वर्षं काढली. पण त्यांचं खरं दुखणं गुडघ्यांत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं उभं राहून दोन्ही गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं ते नीट बसलं नाही, आणि दुसऱ्याला हात लावायला हृदयाचे डॉक्टर परवानगी देईनात. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर, मध्ये चौदा पायऱ्या. कल्याणीबाई सकाळी बसून, एकेक पायरी सरकत खाली यायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या खांद्याला धरून वर जायच्या. दिवसभरात पुन्हा वर जावं लागू नये म्हणून त्या पाणी कमी प्यायला लागल्या. हे हरिदासना कळलं त्या दिवशी त्यांनी खाली खोली बांधायची ठरवली.

त्यांचं घर लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेलाइनच्या शेवटाकडच्या एका उपनगरात आहे. नाव सांगत नाही, कारण तिथलं कौन्सिल पत्रं लिहायला फार तत्पर आहे. त्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी कुणा हौशी बिल्डरनं दर तिसऱ्या घरापुढे जांभळ्या पानांचा बीच नावाचा वृक्ष लावला होता. ते झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आमसूल डोळ्यांपुढे आणावं. एवढं मोठं झाड, चार मजले उंच, आणि खालपासून वरपर्यंत आमसुली. इंग्रज माणसं त्याच्यापुढे उभं राहून खालच्या आवाजात बोलतात. कल्याणीबाई पहिल्यांदा ते पाहून म्हणाल्या होत्या, "याला कुणीतरी पाणी घाला, करपलंय."

हरिदासांच्या दारातल्या बीचच्या बुंध्याला बुरशी धरली होती आणि ते रस्त्यावर पडायच्या बेतात होतं. कौन्सिलनं झाड पाडायला आणि त्याबरोबर खोली बांधायला अशी एकत्र परवानगी दिली. तिला अकरा अटी होत्या. सातवी अशी, की पाडलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचं जांभळ्या पानांचं झाड लावून ते जांभळं राखावं, जेणेकरून रस्त्याचं जांभळेपण अबाधित राहील. अट मोडली तर परवानगी रद्द, आणि खोली पाडून जागा पूर्ववत करावी.

हरिदासनी खोली बांधली. शेजारी न्हाणीघर, उंबरठ्याशिवायचं दार, भिंतीला धरायला दांडे. भिंतींचा रंग ठरवायला त्यांना सात आठवडे लागले. कल्याणीबाई तिथे राहायला गेल्या त्या दिवशी त्या मनसोक्त पाणी प्यायल्या. एप्रिलमध्ये हरिदासनी एका रोपवाटिकेतून सेलमधलं झाड आणून लावलं. नुकती फुटलेली पानं छान तांबूस होती आणि पाटीवर कॉपर बीच, म्हणजे तेच जांभळ्या पानांचं झाड, असं स्पष्ट लिहिलं होतं.

मे गेला, जून गेला, आणि पानं हळूहळू हिरवी व्हायला लागली. इथे हरिदासनी ती गोष्ट केली जी त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणी केली नसती. त्यांना आनंद झाला. ज्याचं बालपण आंबा आणि पिंपळ बघण्यात गेलं त्याला पालवी तांबूसच असते हे शिकवावं लागत नाही. पालवी तांबूस असते, मग पान निबर होतं, हिरवं होतं, आणि झाडानं जीव धरला असं आपण म्हणतो. हरिदासना रंगातलं सगळं कळत होतं, पण झाडातलं नागपूरपुरतंच कळत होतं. त्यांनी हिरव्यागार झाडाचा फोटो काढला आणि कौन्सिलला आपणहून पाठवला. खाली लिहिलं, 'कळवण्यास आनंद होतो की झाड पूर्णपणे हिरवं झालं आहे.'

नवव्या दिवशी कौन्सिलची वृक्ष अधिकारी दारात उभी राहिली. तिचं नाव तनिषा. जन्म लंडनमधल्या ईलिंगचा, आई-वडील पुण्याचे. गळ्यात ओळखपत्र आणि हातात रंगांच्या पट्ट्यांचा जाडजूड पंखा. दारावरची पाटी वाचून तिनं मराठी काढली आणि पुढचा तासभर ती मराठी बिचारी तिच्या मागे धावत राहिली.

"काका, मला खूप सॉरी वाटतं. पण तुमची झाड ग्रीन आहे."

"हो. चांगलं लागलंय."

"नाही ना काका. ते ग्रीन व्हायला नको होती. कंडिशन सेव्हन आहे, पर्पल पाहिजे. ऑल समर." तिनं पट्टी पानाला लावली. "हे सीडलिंग असणार, ग्राफ्ट नाही. आणि या भिंतीची सावली पण पडते. असे सीडलिंग्ज स्प्रिंगमध्ये रेड दिसतात, मग रंग जातो."

कल्याणीबाई खिडकीतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे रायवळ आणलंत होय? कलमी आणायचं सोडून?" नागपूरच्या माणसाला कलमाचं बायकोकडून ऐकून घ्यावं लागणं म्हणजे काय ते नागपूरचा माणूसच जाणे.

"दुसरं लावतो की," ते तनिषाला म्हणाले.

"ते तर लावाच, काका. पण कंडिशनचा ब्रीच ऑलरेडी रेकॉर्ड झाला आहे. तुम्हीच फोटो पाठवला. आता कमिटी डिसाइड करेल, खोली राहणार की नाही. त्याच्या आधी कलरचा एक इंडिपेंडंट एक्सपर्ट रिपोर्ट लागतो. कौन्सिलकडे लिस्ट असते. मी लिहून पाठवते त्यांना."

ही बातमी रविवारी वंदनेनंतर विहारात पोचली आणि प्रत्येकाला एकेक उपाय सुचला. शैलाताईंनी बीटाचं पाणी मुळाशी घालायला सांगितलं. ते तीन आठवडे घातलं. झाडाला काही झालं नाही, पण गोगलगायी लांबलांबून आल्या. कुणी म्हणालं फवारा मारा. मुलगा संघर्ष, जो वेम्बलीच्या बाजूला एका शाळेत फिजिक्स शिकवतो, त्यानं वेगळीच बाजू मांडली. "बाबा, कलर ही पानाची प्रॉपर्टीच नाही. लाइटची आहे. सोडियमच्या दिव्याखाली बघितलं तर ते ग्रीन दिसणारच नाही."

"पर्पल दिसेल?"

"पर्पल नाही. ब्राऊन."

"मग काय उपयोग," हरिदास म्हणाले. पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, हे शील म्हणताना त्यांचा आवाज त्या रविवारी बाकीच्यांच्या मागे राहिला होता.

पुढच्या सोमवारी कौन्सिलची दोन पत्रं एकदम आली. पहिलं अर्जदार हरिदास मेश्राम यांना होतं. आपल्या झाडाची तपासणी करायला एक स्वतंत्र तज्ज्ञ येतील, त्यांना सहकार्य करावं. दुसरं रंगतज्ज्ञ हरिदास मेश्राम यांना होतं. खालील पत्त्यावरील झाडाची तपासणी करून अहवाल द्यावा. गालिच्यांच्या दिवसांपासून त्यांचं नाव कौन्सिलच्या यादीत होतं. यादीतले बाकीचे वारले होते.

हरिदासनी तनिषाला फोन लावला. ती म्हणाली, "काका, मी वर सांगितलं, दोघं सेमच माणूस आहे. पण सिस्टिममध्ये त्याला बॉक्सच नाही. नकार दिला तर एक्सपर्टशिवाय केस जाईल, आणि मग डायरेक्ट डिमॉलिशनच होते. प्लीज, तुम्ही फक्त काहीतरी लिहा."

"काहीतरी म्हणजे?"

"काका, मी कौन्सिलची आहे. मी ते बोलू शकत नाही."

मंगळवारी सकाळी दहा वाजता, पत्रात लिहिलेल्या वेळेला, हरिदास मागच्या दारानं बाहेर पडले. त्यांनी कारखान्यातला करडा कोट घातला होता. करडा यासाठी की कपड्याचा रंग नमुन्यावर पडू नये. घराला वळसा घालून ते पुढच्या दारात आले आणि त्यांनी बेल वाजवली. कल्याणीबाईंनी खिडकीतून पाहिलं, काठी घेतली आणि दार उघडलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना आश्चर्य वाटायचं बंद झालं होतं.

"कोण हवंय?"

"मी तज्ज्ञ. अर्जदार आहेत का घरात?"

"आत्ताच मागच्या दारानं गेले. चहा घेणार?"

"तपासणी होईपर्यंत काही घेता येत नाही. नियम आहे."

त्यांनी झाडाच्या उत्तरेकडची, दक्षिणेकडची, वरची, खालची अशी चाळीस पानं पाहिली. एकेक पान करड्या पुठ्ठ्यावर ठेवून, पाठ सूर्याकडे करून, श्वास रोखून. कल्याणीबाई नव्या खोलीच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांना माहीत होतं तो काय लिहिणार, हा माणूस. तो काय लिहिणार हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नेहमीच माहीत होतं. त्या दिवशी त्यांना त्याचा राग आला आणि रागाहून जास्त भीती वाटली. त्यांनी भिंतीचा दांडा उगाच घट्ट धरून पाहिला.

अहवालात लिहिलं होतं: 'पानं हिरवी. मुख्य शेड शेवाळी. कडांना तांबूस छटा आढळते, परंतु तिला जांभळी म्हणता येणार नाही.' खाली सही.

नियमाप्रमाणे अहवालाची प्रत अर्जदाराकडे आली आणि हरकत घ्यायला चौदा दिवस मिळाले. अर्जदार हरिदासनी चार पानी हरकत घेतली. तज्ज्ञ मनुष्य रंगापलीकडे काही पाहत नाही, त्याला घरात कोण राहतं याची चौकशीही करावीशी वाटली नाही, असं त्यांनी लिहिलं. तज्ज्ञाकडून खुलासा मागवण्यात आला. तज्ज्ञानं उत्तर दिलं की घरात कोण राहतं याचा पानाच्या शेडवर परिणाम होत नाही. हे उत्तर लिहून झाल्यावर हरिदास दोन दिवस नीट जेवले नाहीत. संघर्षनं आईला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दोघांचं जुंपलंय. मी मध्ये पडत नाही."

पण शेवटी त्या पडल्याच. कमिटीपुढच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "खोली गेली तर मी वर जाऊन राहीन. खाली येणार नाही. सांगून ठेवते."

"कल्याणी, पान हिरवं आहे."

"मला दिसतंय. मी कुठे आंधळी आहे?" त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "उद्या मी येणार आहे ऐकायला."

"तू येऊ नकोस. सुनावणी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. तनिषानं सांगितलंय."

त्यावर कल्याणीबाईंनी वरण वाढलं, म्हणून हरिदासना वाटलं त्यांनी ऐकलं.

समितीत सात जण होते. अध्यक्ष सत्तरीचे, जाडजूड इंग्रज गृहस्थ, पायऱ्या चढून लालबुंद झालेले. हरिदासनी मनातल्या मनात त्यांची शेड ठरवली आणि मग स्वतःला आवरलं. डावीकडे तज्ज्ञाची खुर्ची, उजवीकडे अर्जदाराची. दोघांना तीन-तीन मिनिटं. कारकुनानं विचारलं, तज्ज्ञ हजर आहेत का, हरिदासनी हात वर केला. अर्जदार हजर आहेत का, हरिदासनी पुन्हा हात वर केला. कारकुनानं नियमांची वही चाळली, मागून पुढून चाळली आणि मिटून ठेवली.

तज्ज्ञ डावीकडच्या खुर्चीत बसले आणि पान हिरवं आहे असं म्हणाले. एवढंच सांगायला त्यांना अडीच मिनिटं लागली. बोलताना मागचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही, कारण तज्ज्ञानं पाहायचं नसतं. मग ते उठून उजवीकडच्या खुर्चीत बसले आणि तिथून त्यांना दिसलं. शेवटच्या रांगेत संघर्ष उभा होता आणि त्याच्या शेजारी कल्याणीबाई बसल्या होत्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. दोन मजल्यांच्या बेचाळीस पायऱ्या त्या चढून आल्या होत्या, आणि त्याला पाऊण तास लागला होता.

अर्जदाराची तीन मिनिटं सुरू झाली. हरिदासनी लिहून आणलेला कागद समोर होता. तो त्यांनी वाचला नाही.

"तज्ज्ञ म्हणाले ते खरं आहे," ते म्हणाले. "झाड हिरवं आहे. चूक माझी आहे. मला तो तांबूसपणा पालवीचा वाटला. मी नवीन झाड लावीन, जांभळंच लावीन. पण माझ्या बायकोला जिना चढवत नाही. ती खोली तिची आहे. एवढंच."

समितीत एक तरुण सभासद होता. चष्मेवाला, टापटीप, प्रत्येक कागद खरोखर वाचून आलेला, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. तो म्हणाला, "माफ करा. खोलीचा आधार सौभाग्यवती मेश्राम यांना जिना चढता येत नाही, हा आहे. त्या आत्ता इथे बसल्या आहेत. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत. त्या वर कशा आल्या, हे अर्जदार सांगू शकतील का? हे नोंदीत यायला हवं."

तनिषा कोपऱ्यात बसली होती. तिनं खाली बघितलं. त्या तरुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त नोंद पूर्ण करायची होती, आणि हरिदासना तो माणूस ओळखीचा वाटला. कारखान्यात बत्तीस वर्षं ते स्वतःच त्याच्या जागी बसले होते.

त्यांनी कल्याणीबाईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा गुडघा साडीखाली थरथरत होता आणि त्या तो हातानं दाबून धरत होत्या, कुणाला दिसू नये म्हणून.

"लिफ्टनं," हरिदास म्हणाले.

त्या सातही जणांनी सकाळी लिफ्टच्या बंद दारावरची पाटी वाचली होती. अध्यक्षांच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. हरिदासांचे कान तापले. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या चेहऱ्याचा रंग काय झाला असेल याची लाज वाटली.

अध्यक्षांनी हळूच घसा साफ केला. "लिफ्टनं," ते कारकुनाला म्हणाले. "लिहून घ्या." कारकुनानं लिहून घेतलं. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि परत मिटलं. मग मतदान झालं. नवीन, कलम केलेलं झाड नोव्हेंबरपर्यंत लावायचं. खोली राहील.

बैठक संपली. सगळे जिन्याशी आले. जिना अरुंद, एकच, आणि कल्याणीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात हरिदासांचा हात, आडव्या वळून एकेक पायरी. मागे संघर्ष, त्याच्या मागे तनिषा, त्यांच्यामागे आख्खी समिती, कागदपत्रांसकट. कुणी "एक्सक्यूज मी" म्हणालं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. कल्याणीबाई पायरीवर थांबल्या की वरपर्यंत सगळे थांबत.

पहिल्या मजल्यावर त्या दम खायला भिंतीला टेकल्या. सगळी रांग उभी राहिली.

"ही लिफ्ट," अध्यक्ष मागून म्हणाले, "नेहमीच जरा हळू चालते."

"हो," चष्मेवाला थोड्या वेळानं म्हणाला. "मीही ऐकलंय तसं."

हरिदासांच्या हातातला हात घट्ट झाला. "चला," कल्याणीबाई म्हणाल्या, आणि लिफ्ट पुन्हा खाली निघाली.